नेत्रश्रमाचा इतिहास: येवल्याच्या मागापासून लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत

नवा लॅपटॉप कामाला घेतल्यावर थोड्याच दिवसांत कपाळ जड होणे, डोळे चुरचुरणे, अक्षरे मधूनच धूसर दिसणे आणि संध्याकाळपर्यंत मानेपासून भुवयांपर्यंत ठणका लागणे, ही तक्रार आता इतकी सार्वत्रिक झाली आहे की ती केवळ संगणकयुगाची देणगी समजली जाते. या समजात अर्धेच तथ्य आहे. जवळची बारीक वस्तू तासन्‌तास न्याहाळल्याने डोळ्यांना आणि डोक्याला जो शीण येतो त्याला नेत्रश्रम म्हणतात, आणि हा शीण पडद्यापेक्षा फार जुना आहे. त्याचा इतिहास पाहण्यासाठी नाशिक जिल्हा विशेष सोयीचा आहे, कारण येवल्याचे पैठणीचे माग, गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि नाशिकरोडचे सरकारी छापखाने अशी नजरेवर उभी असलेली कामे या एकाच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. ही कामे काळाच्या क्रमाने लावून पाहिली असता असे दिसते की प्रत्येक काळात नजरेच्या श्रमाला काम करणाऱ्याच्या इच्छेबाहेरची काही ना काही मर्यादा होती. कधी ती सूर्यप्रकाशाने घातली, कधी कामाच्या रीतीने, तर कधी पाळीने आणि कायद्याने. लॅपटॉपने या सर्व मर्यादा एकदमच काढून टाकल्या आणि त्यांचा सारा भार एकट्या माणसावर सोपवला.

हा शीण नेमका कोठे येतो हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. दूरची वस्तू पाहताना निरोगी डोळ्यातील नेत्रभिंग चपटे असते आणि त्याभोवतीचा स्नायू सैल असतो. वस्तू जवळ आली की हा स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि प्रतिमा दृष्टिपटलावर स्पष्ट उमटते. डोळ्याच्या या क्षमतेला समायोजन म्हणतात. त्याच वेळी दोन्ही बुबुळे नाकाच्या दिशेने आत वळवून एकाच बिंदूवर रोखावी लागतात, त्याला अभिसरण म्हणतात. या दोन्ही क्रिया स्नायूंच्या बळावर चालतात, म्हणून हातभर अंतरावरची वस्तू पाहत राहणे हे डोळ्याच्या दृष्टीने विश्रांतीचे नसून कष्टाचे काम असते. त्यात प्रकाश अपुरा असला, पृष्ठभाग चकाकणारा असला, मान एकाच कोनात अडकून राहिली किंवा डोळ्यांत एखादा न ओळखलेला दृष्टिदोष असला, तर स्नायूंचा हा ताण डोकेदुखीच्या रूपाने जाणवू लागतो. अर्धशिशी हा वेगळा विकार आहे, परंतु ज्यांना तो आहे त्यांच्यात प्रखर किंवा लुकलुकणारा उजेड हे झटका येण्याचे एक कारण ठरू शकते.

भारतीय वैद्यकाला हा संबंध प्राचीन काळापासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची जी कारणे मोजली आहेत त्यांत झोपेचा विपर्यास, उन्हाने तापलेल्या अवस्थेत पाण्यात शिरणे, फार दूरचे पाहणे यांच्याबरोबरच सूक्ष्म वस्तूंचे निरीक्षण हेही कारण सांगितलेले आहे. युरोपात बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बारीक काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा स्वतंत्र विचार आढळतो. अशा लोकांनी मान आणि नजर एकाच जागी खिळवून ठेवू नये, अधूनमधून काम बाजूला सारून निरनिराळ्या वस्तूंवर दृष्टी फिरवावी, असा त्याच्या सल्ल्याचा आशय आहे. मराठी घरांत ग्रंथाबाहेरच्या रूढीनेही हेच काम काही अंशी साधले. तिन्हीसांजेला शिवणटिपण करू नये, हा संकेत घरोघरी पाळला जात असे. त्यामागे दिलेले कारण धार्मिक होते, परंतु दिवसाचा उजेड सरलेला आणि दिव्याचा उजेड पुरेसा न झालेला असा जो काळ, नेमक्या त्याच काळात सुईत नजर घालण्याचे काम या रूढीमुळे थांबत असे.

येवल्याच्या विणकामात नजरेचे श्रम सर्वांत स्पष्टपणे दिसतात. सतराव्या शतकात रघोजी नाईक यांनी येथे विणकर आणून वसवले अशी परंपरा आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटिअरांत येवल्याची नोंद रेशमी कापड व जरीच्या तारेसाठी नावाजलेले गाव अशी आहे. पैठणीचा पदर साध्या विणीने तयार होत नाही. आडव्या धाग्याचा एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत फेकण्याऐवजी प्रत्येक रंगासाठी वेगळी लहान कांडी घेतली जाते, ती उभ्या धाग्यांच्या मोजक्या गाळ्यातून नेली जाते आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवली जाते. मोर, मुनिया, असावली किंवा नारळी काठ यांतील प्रत्येक वळण असे धागे मोजून साधले जाते, आणि कसलेल्या हाताचे विणकाम उलट्या बाजूनेही सुलट्याइतकेच स्वच्छ दिसते. भरगच्च पदराच्या साडीला अनेक महिने लागतात, आणि या संपूर्ण काळात विणकराची नजर रेशमाच्या तलम धाग्यावर व त्यामधून चमकणाऱ्या जरीवर खिळलेली असते. जरीवरून परावर्तित होणारा उजेड हा डोळ्यांवरचा आणखी एक भार असतो, कारण गडद रेशमाचा धागा निरखण्यासाठी भरपूर उजेड लागतो आणि तोच उजेड जरीवर पडला की डोळे दिपवतो.

असे असूनही जुन्या पद्धतीच्या या कामात विसाव्याची सोय कामाच्या घडणीतच होती. खड्ड्यातल्या मागावर बसलेला विणकर पायांनी पावड्या दाबतो, हातांनी फणी ठोकतो, कांड्या बदलतो, तुटलेला धागा सांधतो, ताणा पुढे घेतो. या प्रत्येक हालचालीत त्याची नजर क्षणभर विणीवरून उठते आणि अंतर बदलते. काठ विणताना लागणारी एकाग्रता आणि साडीच्या साध्या भागाची लय यांत फरक असतो. माग घरातच असल्यामुळे कामाचा दिवस घराच्या दिवसाशी बांधलेला असतो, आणि विजेच्या दिव्यापूर्वीच्या काळात तर दारा-खिडकीतून येणारा उजेड ओसरला की रंगांचा बारीक भेद दिसेनासा होऊन काम थांबवणे भाग पडे. म्हणून विणकरांचे डोळे शाबूत राहिले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. हा व्यवसाय डोळ्यांची किंमत घेतोच, आणि वय वाढले की बारीक पदर तरुण हातांकडे द्यावा लागतो. मात्र एका दिवसात डोळ्यांकडून किती काम घ्यायचे, याची मर्यादा मागाच्या बाहेरून ठरत होती.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे नजरेच्या श्रमाचे दुसरे क्षेत्र होय. यात्रेकरूच्या कुळाची, गावाची आणि मागील पिढ्यांच्या भेटींची नोंद या वह्यांत ठेवली जाते, आणि जुन्या नोंदींपैकी अनेक मोडी लिपीत बोरूने लिहिलेल्या असतात. मोडीत अक्षरे हात न उचलता एकमेकांत गुंतवून लिहिली जातात, शाई फिकी झालेली असते आणि कागद पिवळा पडलेला असतो, त्यामुळे अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातील प्रकाशाचा फरक, म्हणजे ज्याला दृश्य भेद म्हणता येईल तो, कमी होतो आणि डोळा पुन्हापुन्हा समायोजन करीत राहतो. चाळिशीनंतर नेत्रभिंगाची लवचिकता घटते. या वृद्धदृष्टितेवर उपाय म्हणजे बहिर्गोल काचेची चाळशी. परंतु तरुणपणीही जवळचे काम करताना डोके दुखते ते का, याचा उलगडा बराच उशिरा झाला. उट्रेख्टचे नेत्रतज्ज्ञ फ्रान्सिस्कस डाँडर्स यांनी 1864 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की अशा अनेक रुग्णांत दूरदृष्टितेचा सौम्य दोष असतो, तो भरून काढण्यासाठी डोळ्याचा स्नायू सतत आकुंचित राहतो आणि योग्य चष्म्याने हा त्रास दूर होऊ शकतो. त्यापूर्वी अशा माणसाला बारीक कामाचा धंदा सोडण्याचा सल्ला दिला जाई. नवा पडदा घेतल्यावर डोके दुखू लागले तर प्रथम दृष्टी तपासून घ्यावी, या आजच्या सल्ल्याचे मूळ डाँडर्स यांच्या संशोधनात आहे.

विसाव्या शतकात नाशिकरोडला जे छापखाने उभे राहिले त्यांनी नजरेचे काम घरातून कारखान्यात आणले. त्यापूर्वी भारताची टपाल तिकिटे मुख्यतः लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून येत. 1925 साली नाशिकरोडला सुरक्षा मुद्रणालय, म्हणजे आजचे इंडिया सिक्युरिटी प्रेस, सुरू झाले आणि 1931 साली नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त काढलेली चित्रमय तिकिटे येथेच छापली गेली. 1928 साली नोटांचे मुद्रणालय स्थापन झाले आणि 1932 पर्यंत भारतातील सर्व मूल्यांच्या नोटा नाशिकमध्ये छापल्या जाऊ लागल्या. या मुद्रणाचे सारे मर्म बारीकपणात आहे, कारण ज्या रेषा सहज नक्कल करता येत नाहीत त्याच नोटेचे रक्षण करतात. इंटाग्लिओ या पद्धतीत पोलादी पत्र्यावर अणकुचीदार हत्याराने उलटी प्रतिमा खोदली जाते, शाई त्या खाचांत भरली जाते आणि प्रचंड दाबाखाली ती कागदावर उठावाने उमटते. असे खोदकाम करणारा कारागीर भिंगाखाली केसाएवढ्या रेषांची जाडी-खोली राखत असतो. 1996 पासून आलेल्या महात्मा गांधी मालिकेतील नोटांवर साध्या डोळ्यांना रेघ वाटावी अशी सूक्ष्म अक्षरेही आहेत, जी वाचण्यासाठी भिंग लागते.

खोदकाम थोड्या हातांचे असते. छापील तावांची तपासणी मात्र पुष्कळ डोळ्यांचे काम असते. ठसा सरकला आहे का, शाई पसरली आहे का, क्रमांक नीट उमटला आहे का, हे पाहताना तपासनीसाला एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो प्रतिमांतून एक वेगळी प्रतिमा शोधायची असते. या श्रमाचे स्वरूप विणकामाहून निराळे आहे, कारण येथे हात फारसे काही घडवत नाहीत आणि लक्ष मात्र क्षणभरही ढळू द्यायचे नसते. पाहणे हेच येथे संपूर्ण काम असते. आज पडद्यासमोर बसणाऱ्या बहुसंख्य लोकांचे काम याच जातीचे आहे, म्हणून छापखान्यातील तपासणीचे मेज हे संगणकाच्या मेजाचे जवळचे पूर्वज मानता येते. फरक असा की छापखान्यात पाळी होती, जेवणाची सुट्टी होती, कामगार संघटना होती आणि काम मुद्रणालयाच्या फाटकाबाहेर नेण्याची शक्यताच नव्हती.

या काळातच कायद्याने नेत्रश्रमाची दखल घेतली, ही गोष्ट फारशी लक्षात ठेवली जात नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातील सतराव्या कलमाने कारखान्यात पुरेशा प्रकाशाची सक्ती केली. एवढ्यावर न थांबता दिव्यापासून थेट येणारी किंवा गुळगुळीत पृष्ठभागावरून परावर्तित होणारी झगमग रोखावी, आणि डोळ्यांना ताण पडेल अशा सावल्या होऊ देऊ नयेत, असेही त्यात सांगितले. डोळ्यांचा ताण ही कामगाराची वैयक्तिक दुर्बलता नसून कामाच्या जागेचा दोष आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी मालकाची आहे, हे तत्त्व स्वतंत्र भारताच्या कायद्यात अगदी आरंभीच आले. प्रकाशाच्या गुणवत्तेचा आणखी एक पैलू मात्र त्या काळी अज्ञात होता. भारतातील वीजपुरवठा 50 हर्ट्‌झचा असल्याने जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होत असते. ही लुकलुक जाणीवपूर्वक दिसत नाही, तरी ती निष्प्रभ नसते. अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्यालयातील अशा नळ्यांना अतिशय जलद वारंवारतेचे इलेक्ट्रॉनिक चोक बसवल्यावर कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीचे व नेत्रश्रमाचे सरासरी प्रमाण निम्म्याहून खाली आल्याचे आढळले. डोळ्यांना न दिसणारा उजेडातील बदलही डोके दुखवू शकतो, हे यातून प्रस्थापित झाले, आणि नव्या पडद्यांच्या तक्रारी समजण्यासाठी हाच निष्कर्ष पुढे सर्वाधिक उपयोगी पडला.

पडद्याचा प्रवेश मराठी मुद्रणव्यवसायात खिळ्यांच्या जागी झाला. शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा जुळारी देवनागरीचे काने, मात्रा आणि जोडाक्षरे यांचे शेकडो निरनिराळे खिळे पेटीतील खणांतून उचलत असे आणि उलटी अक्षरे वाचत असे. हे काम उभ्याने, हातांच्या मोठ्या हालचालींसह चाले. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची जागा संगणकावरील जुळणीने घेतली आणि तोच मजकूर काचेच्या फुगीर पडद्यावर बसून पाहावा लागू लागला. त्या पडद्यांवर प्रतिमा ठिपक्यांनी बनत असे आणि ठिपके इतके मोठे असत की रोमन अक्षर वाचता येत असले तरी देवनागरीतील रफार, अनुस्वार आणि उकार यांची बारकाई त्यांत गुदमरत असे. वाचणारा साहजिकच पडद्याकडे झुकत असे.

त्याआधीच पाश्चात्त्य देशांतील वृत्तपत्र-कार्यालयांतून पडद्याविषयी तक्रारी येऊ लागल्या होत्या आणि किरणोत्साराने मोतीबिंदू होईल अशी भीतीही पसरली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1983 साली दिलेल्या अहवालात अशा इजेला आधार सापडला नाही. मात्र झगमग, चुकीची प्रकाशयोजना, बसण्याची गैरसोय आणि कामाची एकसुरी आखणी यांमुळे त्रास होतो हे त्यात मान्य केले गेले. युरोपीय समुदायाने 1990 साली पडद्यावरील कामासाठी स्वतंत्र निर्देश काढून मालकांवर कर्मचाऱ्यांची नेत्रतपासणी विनामूल्य करण्याचे आणि कामात ठरावीक विराम किंवा बदल ठेवण्याचे बंधन घातले. परंतु कामाच्या मेजावर दीर्घकाळ न वापरल्या जाणाऱ्या सुवाह्य यंत्रांना त्याच निर्देशातून वगळले होते, कारण कोणी दिवसभर अशा यंत्रावर काम करील, ही कल्पना तेव्हा दूरची होती.

लॅपटॉपच्या रचनेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे हात योग्य उंचीवर ठेवले तर मान खाली वाकते आणि पडदा डोळ्यांसमोर आणला तर खांदे उचलावे लागतात. मानेच्या मागील स्नायूंचा हा ताण कपाळापर्यंत पोहोचतो. दुसरे असे की या पडद्याला स्वतःचा उजेड असतो. चपट्या पडद्यामागील दिवा पूर्वी बारीक नळीचा असे. साधारण 2010 च्या सुमारास त्याची जागा एलईडीने घेतली. काही पडद्यांत हा उजेड मंद करण्यासाठी दिव्याची शक्ती कमी न करता तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू केला जातो, आणि बंद राहण्याचा काळ वाढवला की पडदा मंद भासतो. जुन्या नळीतील प्रकाश विझायला किंचित वेळ लागे, एलईडी मात्र तत्क्षणी विझतो, म्हणून तीच पद्धत नव्या दिव्यात अधिक तीव्र लुकलुक निर्माण करते. ज्या माणसाला जुन्या लॅपटॉपवर काहीच त्रास नव्हता त्याला नव्यावर डोके धरून बसावे लागते, आणि रात्री डोळ्यांना बरे वाटावे म्हणून उजेड कमी केल्यावर त्रास वाढतो, या दोन्ही विसंगत वाटणाऱ्या अनुभवांमागे हे एक कारण असू शकते. चकचकीत पृष्ठभाग आणि अतिबारीक अक्षरे ही इतर कारणे होत. त्यात पडद्याकडे पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण पुष्कळ घटते, अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात.

मार्च 2020 मधील टाळेबंदीनंतर या यंत्राने घरात कायमची जागा मिळवली. नाशिकमध्येच मुख्यालय असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून दूरशिक्षण देत आले होते, परंतु ते शिक्षण दीर्घकाळ प्रामुख्याने छापील पुस्तकांवर उभे होते. आता सर्वच स्तरांवरील विद्यार्थी आणि नोकरदार एकदम पडद्यासमोर आले. येवल्याचा मागही घरातच होता, म्हणून घरात काम येणे ही या जिल्ह्याला नवी गोष्ट नव्हती. नवे होते ते असे की या कामाला उजेड मावळण्याची अडचण नव्हती, कांडी बदलण्याचा विराम नव्हता, पाळी सुटल्याचा भोंगा नव्हता, आणि 1948 च्या कायद्याने झगमगीपासून दिलेले संरक्षण कारखान्याच्या हद्दीबाहेर, स्वयंपाकघराच्या टेबलापर्यंत पोहोचत नव्हते.

ज्या उपायांची आज जाहिरात होते ते बहुतेक एकेकट्या माणसाने विकत घ्यायचे आहेत. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांचा बराच बोलबाला आहे, परंतु 2023 साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी पडद्यावरील कामाचा नेत्रश्रम कमी होतो असे दिसून आले नाही. दर 20 मिनिटांनी 20 फूट दूरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे, हा सुटसुटीत नियम हितकर आहे, आणि त्याचा गाभा रामाझ्झिनीने तीन शतकांपूर्वीच सांगितला होता. परंतु जेथे कामाचा वेग आणि मोजमाप दुसऱ्याच्या हाती असते तेथे तो पाळण्याची मुभा काम करणाऱ्याला क्वचितच असते. दृष्टीची तपासणी, वेगळा कळफलक जोडून पडदा हातभर लांब व नजरेच्या किंचित खाली ठेवणे, खिडकी पाठीमागे न येऊ देणे आणि त्रास टिकून राहिल्यास पडदाच बदलून पाहणे, हे उपाय खरोखर उपयोगाचे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना पैसा, जागा किंवा मालकाची संमती लागते.

नाशिकच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष म्हणूनच व्यक्तीच्या सवयींपुरता मर्यादित ठेवता येत नाही. पडद्याने आलेली डोकेदुखी ही व्यवसायजन्य तक्रार आहे आणि तिची नोंद त्याच नावाने झाली पाहिजे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. विणकर, छपाई कामगार आणि पडद्यावर काम करणारे, असे नजरेवर जगणारे तिन्ही वर्ग त्याच्या अंगणात आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांचा एकत्रित अभ्यास करण्यासाठी याहून योग्य जागा महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. कारखान्यातील झगमग आणि सावली यांची जबाबदारी 1948 साली ज्या न्यायाने मालकावर टाकली गेली, त्याच न्यायाने कर्मचाऱ्याच्या हाती दिलेल्या पडद्याची लुकलुक, त्याची उंची आणि त्यासमोरचे सलग तास यांची जबाबदारी ते यंत्र बनवणाऱ्यावर व कामाला लावणाऱ्यावर यायला हवी. जी मर्यादा पूर्वी सूर्य, माग आणि भोंगा घालीत होते ती आता आपोआप पडणार नाही. ती माणसांनी विचारपूर्वक, नियम करून घालावी लागेल.